शेतावरील कॅमेऱ्याचे खोटे इशारे : कारणे व उपाय

रब्बी कांदा काढून चाळीत भरला म्हणजे त्याची राखण चार ते सहा महिने करावी लागते. पूर्वी या कामी राखणदार ठेवीत. आता अनेक शेतकरी चाळ, गोठा किंवा विहिरीवरील पंप यांच्या रक्षणासाठी कॅमेरा बसवितात. समोर हालचाल होताच हा कॅमेरा मालकाच्या मोबाइलवर इशारा पाठवितो. सोय उत्तम आहे. परंतु लिंबाची फांदी हलली, मांजर गेले किंवा भिंगापुढून किडा उडाला तरी इशारा येतो. एका रात्रीत पाच-सात वेळा झोपमोड झाली म्हणजे मालक कंटाळतो व इशारे बंद करून टाकतो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकऱ्यांसारखी त्याची स्थिती होते, आणि ज्या रात्री खरोखर चोर येतो त्या रात्री त्याला जाग येत नाही. म्हणून इशारे बंद न करता खोट्या इशाऱ्यांचे कारण शोधून ते दूर करणे हाच योग्य मार्ग होय.

कॅमेरा हालचाल कशी ओळखतो

कॅमेऱ्यांच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कॅमेरा एकामागून एक घेतलेली चित्रे ताडून पाहतो व त्यांत पुरेसा फरक पडला की इशारा देतो. अशा कॅमेऱ्याला ढगाची सावली, हलणारे गवत, पाऊस, मोटारीच्या दिव्यांचा झोत हे सर्व हालचालच वाटते.

दुसऱ्या पद्धतीत पीआयआर नावाचा उष्णता ओळखणारा भाग असतो. बॅटरीवर किंवा सौर पत्र्यावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुधा हाच असतो. माणूस किंवा जनावर समोरून सरकले की भोवतालच्या व शरीराच्या उष्णतेतील फरक त्याला कळतो. तापलेला पत्रा व गरम वाऱ्याचे झोत त्याला फसवितात. उलट वैशाखातील दुपारी भोवतालची हवा व जमीन शरीराइतकीच, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर समोरचा माणूसही त्याला नीट ओळखू येत नाही. बॅटरीच्या कॅमेऱ्यात प्रत्येक खोट्या इशाऱ्याने बॅटरी खर्च होते. पावसाळ्यात ऊन कमी असल्याने ती पुरती भरत नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी कॅमेरा बंद पडण्याचा संभव असतो.

प्रथम टिपण ठेवावे

उपाय करण्यापूर्वी सात दिवस एका वहीत प्रत्येक इशाऱ्याची वेळ व चित्रात दिसलेले कारण लिहावे. आठवड्याअखेर बहुतेक इशारे दोन-तीन कारणांमुळेच येतात असे बहुधा आढळेल. रोज सायंकाळी ठराविक वेळी येणारा इशारा मावळत्या सूर्याचा किंवा सावलीचा असतो. वारा सुटला असतानाच येणारा फांदीचा किंवा डळमळत्या खांबाचा. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने येणारा किड्यांचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा. कारण कळले की उपाय सोपा होतो.

जागेची निवड

कॅमेरा भिंतीवर किंवा पक्क्या रोवलेल्या खांबावर बसवावा. बारीक बांबू वाऱ्याने हलतो व त्याबरोबर सर्व चित्र हलते. उंची सुमारे आठ ते दहा फूट असावी व तोंड किंचित खाली झुकलेले असावे, म्हणजे आकाश, रस्ता व दूरची झाडे चित्रात येत नाहीत. तोंड पूर्वेस किंवा पश्चिमेस असल्यास उगवता वा मावळता सूर्य थेट भिंगात येतो. म्हणून शक्यतो ते उत्तरेकडे करावे.

उष्णता ओळखणारा कॅमेरा आडव्या जाणाऱ्या माणसाला चटकन ओळखतो, पण सरळ समोरून येणाऱ्याला उशिरा ओळखतो. यास्तव चाळीकडे येणारी वाट चित्रात आडवी येईल अशी मांडणी करावी. समोरच्या फांद्या छाटाव्यात, उंच गवत कापावे व वाऱ्याने फडफडणारे गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा कागद बांधून टाकावा. शेजाऱ्याचे अंगण व सार्वजनिक वाट चित्रात घेऊ नये. त्यामुळे इशारेही कमी होतात व तंटाही टळतो.

किडे, कोळी व पाऊस

प्रकाशाकडे किडे आकर्षित होतात हे प्रकाश सापळा वापरणाऱ्या शेतकऱ्यास सांगावयास नको. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर सायंकाळी बाहेर पडतात. अशा वेळी कॅमेऱ्याशेजारी बल्ब लावलेला असेल तर तोच नकळत सापळा बनतो व भिंगापुढे किड्यांची गर्दी होते. याकरिता बल्ब कॅमेऱ्यापासून दहा-पंधरा फूट दूर लावावा. कॅमेऱ्याच्या अंगचे रात्रीचे दिवे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. भिंगाजवळून उडणारा किडा या किरणांत मोठ्या पांढऱ्या ठिपक्यासारखा चमकतो. पावसाचे थेंबही तसेच चमकतात. म्हणून कॅमेरा वळचणीखाली, पागोळ्यांच्या आत बसवावा. मात्र शेजारची भिंत किंवा पत्रा भिंगाला लागून नसावा, नाहीतर किरण परतून चित्र धुरकट होते.

कोळी कॅमेऱ्यावर जाळे विणतो व ते वाऱ्याने भिंगापुढे हलत राहते. आठवड्यातून एकदा कुंच्याने जाळी काढावी व भिंग मऊ, स्वच्छ फडक्याने पुसावे.

मोबाइलमधील योजना

जागा ठीक केल्यानंतरच मोबाइलमधील ॲपकडे वळावे. बहुतेक कॅमेऱ्यांत पुढील सोयी असतात :

१. पहाऱ्याचा भाग ठरविणे : चित्रातील चाळीचे दार व वाट एवढाच भाग आखून द्यावा, झाडे, रस्ता व जनावरे बांधण्याची जागा वगळावी.

२. वेळ ठरविणे : दिवसा घरची माणसे वावरत असतील तर इशारे फक्त रात्रीसाठी ठेवावेत.

३. माणूस ओळखणे : ही सोय असल्यास चालू करावी, म्हणजे कुत्री-मांजरे व गुरे यांमुळे येणारे इशारे पुष्कळ कमी होतात. ती अचूक असतेच असे नाही. घोंगडे पांघरून वाकून चालणारा माणूस तिच्या नजरेतून निसटू शकतो.

४. संवेदनक्षमता : ती सर्वांत शेवटी, एकेक पायरीने कमी करावी.

चालून पाहण्याची कसोटी

खोटे इशारे पूर्णपणे थांबले म्हणजे काम साधले असे समजणे धोक्याचे आहे. संवेदनक्षमता फार कमी केली तर कॅमेरा शांत होतो खरा, पण तो चोरालाही पाहत नाही. याकरिता एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर रात्री घरातील एका माणसाने वाटेने चाळीच्या दारापर्यंत चालत जावे : एकदा सरळ, एकदा भिंतीच्या कडेने व एकदा वाकून सावकाश. तिन्ही वेळा इशारा आला तरच तो बदल कायम ठेवावा. न आल्यास पूर्वीप्रमाणे करावा. खोटे इशारे अगदी नाहीसे होणार नाहीत. रात्रीत एखादा आला तर तो सोसावा.

ऋतू बदलला की कारणेही बदलतात. उन्हाळ्यात धूळ व वावटळ, पावसाळ्यात किडे व वाढलेले गवत, हिवाळ्यात लांब सावल्या व सकाळचे धुके त्रास देतात. म्हणून प्रत्येक ऋतूच्या आरंभी वरील कसोटी पुन्हा घ्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या चाळीवर ही कसोटी प्रत्यक्ष करून दाखविल्यास इतरांना ती चटकन समजेल. ज्या कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर मालकाचा विश्वास असतो, तोच खऱ्या अर्थाने राखण करतो.