चालू सर्व्हर क्लाउडवर नेताना

प्रश्न: आमच्या कारखान्यातली व्हीएमवेअरवरची व्हर्च्युअल मशीन, एकूण २ टीबी, काम न थांबवता क्लाउडवर नेता येतील का?

उत्तर: थोडा वेळ थांबावं लागेलच, पण तो काही मिनिटांवर आणता येतो. अझूर मायग्रेटसारखी साधनं मशीन चालू असतानाच डिस्कची प्रत पाठवतात, मग फक्त झालेले बदल. १०० एमबीपीएसच्या लाइनवर पहिल्या प्रतीला जवळजवळ ४५ तास लागतील, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: ईआरपी आणि तिचा डेटाबेस एकाच फेरीत हलवा. एक क्लाउडवर, दुसरं कारखान्यात राहिलं तर प्रत्येक क्वेरी रेंगाळते. हलवण्याआधी क्लाउडवरच्या प्रतीची चाचणी मात्र स्वतंत्र नेटवर्कवरच घ्या. नाहीतर चाचणीतलं मशीन तुमच्या खऱ्या डेटाबेसमध्ये नोंदी करू लागेल. जुने सर्व्हर एक महिनाअखेर पार पडेपर्यंत पुसू नका.