नखांवरील जेलचा लेप

नख हें लहानसें अंग; तें तुटल्यावांचून त्याची आठवण आपणांस सहसा होत नाहीं. ज्यांचीं नखें पातळ असून वारंवार दुभंगतात, त्यांच्यासाठीं बळकटी देणारा जेलचा लेप हल्लीं प्रचारांत आहे. त्याचे गुणदोष आपण येथें समजून घेऊं.

प्रथम नखाची रचना पाहूं. नखाचा जो भाग आपणांस दिसतो, तो केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या अनेक पातळ थरांचा असून निर्जीव असतो. म्हणूनच नखें कापतांना वेदना होत नाहींत. सजीव भाग म्हणजे त्वचेखालीं दडलेलें मूळ. तेथून हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर पुढें सरकतें व पूर्ण नवें होण्यास सुमारें ६ महिने लागतात. तेव्हां वरून दिलेला लेप मुळास बळ देत नाहीं, हें उघड आहे.

मग त्याचा उपयोग काय? कोवळ्या रोपास काठी बांधावी, तसा तो आधार होय. जेल हें अ‍ॅक्रिलेट वर्गांतील द्रव्यांचें दाट मिश्रण असतें. स्वच्छ व कोरड्या नखावर तें पसरून हात विशिष्ट दिव्याखालीं धरतात. त्याच्या किरणांनीं मिश्रणांतील रेणू सांखळीप्रमाणें जोडले जातात व सुमारें एका मिनिटांत कठीण कवच बनतें. नखावर पडणारा ताण मग हें कवच सोसतें, आणि खालचें नख न तुटतां वाढतें. वाढीबरोबर मुळाशीं उघडी जागा दिसूं लागते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनीं लेपाची डागडुजी करावी लागते.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, ओलें जेल त्वचेस लागूं देऊं नये. त्यानें अ‍ॅलर्जी जडल्यास ती बहुधा जन्मभर राहते; आणि तशाच वर्गांतील द्रव्यें दंतवैद्य दांत भरण्यास वापरीत असल्यानें पुढें उपचारांतही अडचण येऊं शकते. दुसरी, सुटूं लागलेला लेप ओरबाडूं नये. त्याबरोबर नखाचे वरचे थर निघून येतात व पूर्वींहून पातळ नख हातीं राहतें. लेपाच्या प्रकाराप्रमाणें तो अ‍ॅसिटोननें मऊ करून किंवा कानशीनें हलकेच घासूनच उतरवावा.

शिवाय नखें एकाएकीं ठिसूळ झालीं, तर तीं लेपाखालीं झांकण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवावीं. कारण लोहाची उणीव किंवा थायरॉईडचा विकार कधीं कधीं नखांवाटे प्रकट होतो. सारांश, लेपाचें बळ उसनें आहे. उसनें घेतलेलें जपून वापरावें व धीरानें परत करावें, हेंच आम्हांस श्रेयस्कर वाटतें.