आकडा बाजूला ठेव, यादी उघड

अगं, बरोबरीच्या मैत्रिणीच्या नावापुढे गूगल स्कॉलरवर दोनशे सायटेशन्स आणि तुझ्यापुढे अकरा, एवढ्यावरून तू घरचे फोनही उचलेनाशी झालीस. जवळ असतीस तर मांडीवर डोकं ठेवून घेतलं असतं. आता लिहूनच सांगते.

तुमची दोघींची तुलना होतच नाही, राणी. ती कॅन्सरवर काम करते. जगभर त्या विषयाच्या लॅब आहेत, आणि तिथल्या प्रत्येक पेपरखाली संदर्भांची लांबलचक यादी असते. तू बघतेस शिरोळकडच्या क्षारपड जमिनीतले जिवाणू. तुझं काम वाचणारी माणसंच मोजकी, पण ज्याच्या रानात मीठ फुटलंय त्याला तुझंच काम लागणार आहे.

तू लॅबमध्ये प्रोटीन मोजतेस ना, लोव्हरीच्या पद्धतीने? टेस्ट ट्यूबमध्ये फोलिनचं द्रावण घातलं की निळा रंग चढतो, तीच. ऑलिव्हर लोव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो पेपर १९५१ चा. आजवर तीन लाखांहून जास्त वेळा त्याचा संदर्भ दिला गेलाय. जगात सर्वांत जास्त सायटेशन्स मिळालेला पेपर म्हणून त्याचंच नाव घेतात. आणि वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर? ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन्सच्या पहिल्या शंभर पेपरांची यादी केली, त्यात तो नव्हताच! लोव्हरींनी स्वतःच म्हटलं होतं की आपला हा पेपर काही फार थोर नाही. पद्धत ज्याला-त्याला लागते, म्हणून जो-तो तिचा संदर्भ देतो. कामाला किती आलं हे सायटेशनवरून कळतं, किती खोल गेलं हे नाही.

एच-इंडेक्सचंही तेच. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स असतील तर इंडेक्स दहा. हा आकडा कधी खाली येत नाही, वर्षं सरतील तसा चढत जातो. पीएचडीच्या मुलीने तो प्राध्यापकांच्या शेजारी ठेवून बघू नये.

त्यापेक्षा आज एक काम कर. तुझा संदर्भ देणारे ते अकरा पेपर एकेक करून उघड. त्यातले तुमच्याच लॅबचे किती, ते आधी वेगळे काढ. मग उरलेल्यांत तुझं नाव कुठे आलंय ते शोध. प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या रांगेत असेल तर ठीक आहे, नुसती हजेरी लागलीय. पण ‘पद्धती’ या भागात असेल, म्हणजे कोणीतरी तुझी रीत वापरून स्वतःच्या मातीचे नमुने तपासले असतील, तर ते एक सायटेशन बाकीच्या सगळ्यांना भारी आहे. मला विचारशील तर मी तेवढंच मोजीन.

लग्नाचं ठरतंय म्हणून हेही सांगते. नाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तुझा प्रश्न, त्यात कोणाला बोलू देऊ नकोस. पण पेपरवर आज जे नाव आणि जे स्पेलिंग आहे तेच शेवटपर्यंत ठेव. आपल्याकडच्या किती बायकांचं काम माहेरच्या आणि सासरच्या आडनावांत दुभंगून गेलंय! ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी नंबर अजून काढला नसशील तर आजच काढ. फुकट मिळतो, आणि नाव बदललं तरी काम तुझ्याच खाती राहतं.

दुसऱ्या लॅबबरोबर काम करणार आहेस, त्याचा मला फार आनंद आहे. फक्त फर्स्ट ऑथर कोण, करस्पॉन्डिंग कोण, हे नमुने पाठवण्याआधीच बोलून घे आणि ठरलेलं मेलवर लिहून ठेव. आपल्या मुली इथेच संकोचतात. ‘सर बघतील’ म्हणून गप्प बसतात आणि छापून आल्यावर तिसऱ्या नंबरावर दिसतात. विचारण्यात उद्धटपणा नाही गं, नमुने उन्हातान्हात तू गोळा केलेस.

आणि ‘चार दिवसांत पेपर छापून देतो, फी भरा’ असल्या मेलना उत्तरच देऊ नकोस. पीएचडीआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमावलीत काढून टाकलीय. यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता जर्नल पारखायचं ते तुझं तुलाच. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची कामं काढून वाच, म्हणजे कळेल. एवढं करूनही शंका राहिली तर मला फोन कर, कितीही वाजले असोत.

आणि त्या अकरांत तुझी पद्धत वापरणारं कोणी सापडलंच, तर त्यांना मेल टाक. मीठ जास्त असलेल्या मातीत त्यांना काय अडचण आली ते विचार, आणि तुझी लॅबवहीतली निरीक्षणंही कळव.