एक कृती, संपूर्ण यादी

सुताचा भाव वाढला की कापडाचे सारे दर बदलावे लागतात. एकदा आम्ही दहा टक्के वाढ करताना जुने दर खोडून त्याच जागी नवे लिहीत होतो. मध्येच असरच्या नमाजसाठी उठलो. परत आल्यावर कुठवर आलो होतो ते आठवेना आणि काही दरांवर वाढ दोनदा लागली. 40 चा दर 44 व्हायचा, तो 48.40 झाला. एका जुन्या गिऱ्हाइकाकडून जादा रक्कम घेतली गेली. चूक आमचीच होती. रक्कम परत केली, पण मन खजील झाले.

संगणकाच्या फंक्शनल प्रोग्रामिंग पद्धतीत यावर सोपा इलाज आहे. त्यास 'मॅप' म्हणतात. 1958 साली जॉन मॅकार्थी यांनी आरंभलेल्या लिस्प भाषेच्या घराण्यात ही पद्धत फार जुनी आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एक, यादी : 40, 55, 62, 80. दुसरी, कृती म्हणजेच फंक्शन : एक दर घ्यावा, 1.10 ने गुणावा, उत्तर द्यावे. ही कृती एकाच दरापुरती असते. यादी किती लांब आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. मॅपकडे दोन्ही सोपवले की तो प्रत्येक दरावर कृती एकदाच लावून नवी यादी देतो : 44, 60.50, 68.20, 88. क्रम तोच, संख्या तीच. जुनी यादी मात्र जशीच्या तशी राहते, म्हणून केव्हाही ताळा घेता येतो.

साठाच्या वरचे दर तेवढे निवडणे हा मॅप नव्हे, ते 'फिल्टर'. सर्वांची बेरीज करणे हे 'रिड्यूस'.

एक शर्त पाळावी. एका दराचे उत्तर दुसऱ्या दरावर अवलंबून नसावे. मग तेच काम चौघांत वाटले तरी उत्तर बदलत नाही. याच तत्त्वावर गूगलचे जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी 2004 साली 'मॅपरिड्यूस' ही पद्धत मांडली. त्यात प्रचंड माहिती हजारो संगणकांत वाटून हिशोब होतो.

व्यापारी बांधवांनी इतके तरी करावे : जुना दर एका रकान्यात राहू द्यावा, नवा शेजारच्या रकान्यात सूत्राने काढावा. माप-तोलाइतकाच दराचा हिशोबही अमानत आहे.