मुलाचा पहिला कन्सोल आणि त्यातले खेळ

लहान मुलासाठी पहिला कन्सोल घ्यायचा ठरला की घरात चर्चा रंगते ती यंत्राची: प्लेस्टेशन की एक्सबॉक्स, नवा की वापरलेला, किती जीबीचा. मुलाची झोप, डोळे आणि वागणे यांवर परिणाम होतो तो मात्र त्यात चालणाऱ्या खेळाचा. एक खेळ दहा मिनिटांत संपतो आणि मूल हाक मारताच जेवायला उठते. त्याच कन्सोलवर दुसरा खेळ दोन तास संपत नाही आणि तो बंद केला की मूल घर डोक्यावर घेते. म्हणून पहिले दोन-तीन खेळ निवडायला यंत्राच्या निवडीपेक्षा जास्त वेळ द्यावा.

सुरुवात वयापासून करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, आणि दोन ते चार या वयात दिवसाकाठी एक तासाच्या वर नको. तोही जितका कमी तितका चांगला. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. या दोन तासांत टीव्हीवरची कार्टून आली, आजीच्या मोबाइलवरचे व्हिडिओ आले आणि गेमही आले. हिशेब मांडला तर शाळेच्या दिवशी कन्सोलच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास उरतो. पाच वर्षांच्या आत कन्सोल घेण्याला आरोग्याच्या दृष्टीने काहीच आधार नाही. सहा-सात हे वय बरे: या सुमारास मूल आपली पाळी येईपर्यंत थांबू शकते, हरल्यावर थोड्या वेळात सावरते आणि ‘आता शेवटची’ या शब्दांचा अर्थ त्याला कळतो.

खेळाच्या वेष्टनावर वयश्रेणीचा शिक्का असतो. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धत चालते. तिचे आकडे ३, ७, १२, १६ आणि १८. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी ही संस्था अक्षरे देते: ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई १०+’ म्हणजे दहा वर्षांपुढे, ‘टी’ तेरापुढे, ‘एम’ सतरापुढे. भारतात मिळणाऱ्या डिस्कवर बहुधा यांपैकी एक शिक्का असतो. पहिल्या कन्सोलसाठी पेगीचा ३ किंवा ७, अथवा ईएसआरबीचा ‘ई’, ही मर्यादा धरावी. वर्गातले सगळे खेळतात म्हणून सात वर्षांच्या मुलाला फोर्टनाइट दिला जातो. त्यावर पेगीचा १२ आणि ईएसआरबीचा ‘टी’ आहे. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ वर १८ चा शिक्का आहे, तरी मोठ्या भावाशेजारी बसून तो पाहणारी पहिली-दुसरीतली मुले असतात. स्वतः कंट्रोलर हातात न घेता शेजारी बसून पाहणे हेही खेळण्यातच मोजावे, कारण भीती आणि हिंसेचा ठसा डोळ्यांवाटे उमटतो.

शिक्का फक्त आशयाबद्दल बोलतो: मारामारी, शिवीगाळ, भीती, जुगार. खेळ अवघड आहे की सोपा, हे तो सांगत नाही. बुद्धिबळाच्या खेळावर ३ चा आकडा असू शकतो, पण तीन वर्षांचे मूल बुद्धिबळ खेळू शकत नाही. ऑनलाइन खेळताना समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल, हेही शिक्क्यात धरलेले नसते.

अवघडपणाचा संबंध थेट रडारडीशी आहे. आजच्या कंट्रोलरवर दोन काठ्या असतात. एकीने पात्र चालवायचे आणि दुसरीने त्याच वेळी कॅमेरा फिरवायचा. सहा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही अंगठे एकाच वेळी वेगवेगळे हलवणे सहसा जमत नाही. पात्र भिंतीवर आपटत राहते, मूल चिडते आणि घरचे म्हणतात, गेममुळे मूल तापट झाले. खेळ त्याच्या हाताच्या मापाचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ असतो. कॅमेरा आपोआप फिरतो असे किंवा डावीकडून उजवीकडे सरकत जाणारे खेळ या वयाला सोपे जातात. काही खेळांत लहानांसाठी मुद्दाम सोय असते. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी आणि आपोआप वेग देणारी सेटिंग आहे, त्यामुळे पाच-सहा वर्षांचे मूलही शर्यत पूर्ण करते. सुपर मारिओ ब्रदर्स वंडर या २०२३ च्या खेळात योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतले तर शत्रूचा धक्का लागून ते बाद होत नाही. खड्ड्यात पडले तर मात्र होते. कर्बी अँड द फरगॉटन लँडमध्ये सोपी पातळी निवडता येते. प्लेस्टेशन ५ सोबत येणारा ॲस्ट्रोज प्लेरूम हा वेगळे पैसे न मोजता मिळणारा खेळ आटोपशीर आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो झेपतो.

वाचनाचाही प्रश्न आहे, आणि मराठी माध्यमातल्या मुलाबाबत तो अधिक जाणवतो. या खेळांतल्या सूचना बहुतेक इंग्रजीत असतात. पानभर संवाद वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा खेळ दुसरीतल्या मुलाला दिला तर ते काहीही बटण दाबत सुटते. चित्रावरून आणि हालचालीवरून कळणारा खेळ निवडावा. आईबाबांपैकी कोणी शेजारी बसून सूचना मराठीत सांगणार असेल, तर गोष्ट वेगळी. तसे बसणे फारच उपयोगाचे.

भीतीबाबत मुलांमुलांत मोठा फरक असतो. शाळेत जाण्याआधीच्या वयात खरे आणि काल्पनिक यांतली रेघ पुसट असते, आणि सहा-सात वर्षांच्या काही मुलांतही ती तशीच राहिलेली असते. अंधारात शौचालयात एकटे जायला घाबरणाऱ्या मुलाला भुताच्या हवेलीचा खेळ, तो कितीही विनोदी असला तरी, काही वर्षे नको. रात्री दचकून उठणे किंवा अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर गेल्या काही आठवड्यांत कोणता नवा खेळ घरात आला हे आधी आठवावे.

आता सर्वांत महत्त्वाची कसोटी: खेळ कुठे थांबतो. स्वतःला आवरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. सात वर्षांच्या मुलाने रंगात आलेला खेळ आपण होऊन सोडावा, ही अपेक्षा त्याच्या मेंदूच्या कुवतीबाहेरची आहे. म्हणून थांबा खेळातच असावा. मारिओ कार्टमध्ये एका कपात चार शर्यती असतात, त्या साधारण दहा-बारा मिनिटांत आटोपतात आणि बक्षिसाचा पडदा येतो. ‘दोन कप झाले की बंद’ हा करार मुलाला समजतो, कारण तो त्याला डोळ्यांनी दिसतो. ‘अर्धा तास झाला’ हे त्याला दिसत नाही. माइनक्राफ्टला शेवट नाही, पण त्यातला दिवस आणि रात्र मिळून बरोबर वीस मिनिटांत पुरी होतात. पेगी ७ चा हा खेळ त्याच्या राक्षसविरहित शांत पातळीवर, घरातल्या घरात, इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांशी न जोडता दिला आणि ‘दोनदा सूर्य उगवला की थांबायचे’ असे ठरवले, तर भांडण बरेच कमी होते.

याउलट ऑनलाइन सामन्यांचे खेळ मध्येच थांबवता येत नाहीत. आईने जेवायला बोलावले म्हणून मूल उठले तर त्याचा संघ हरतो आणि सोबती त्याला बोल लावतात. अशा वेळी ‘पाच मिनिटं’ म्हणून ओरडणारे मूल उर्मट नसते, ते अडकलेले असते. काही खेळ तर मुलाने उठूच नये अशा बेताने रचलेले असतात: रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, आणि बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नाही. अनिश्चित वेळी मिळणारे बक्षीस माणसाला सर्वाधिक चिकटवून ठेवते. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. लहान मुलाच्या पहिल्या कन्सोलवर असा एकही खेळ नसावा.

फुकट मिळणाऱ्या खेळांत ही रचना जास्त आढळते, कारण त्यांची कमाई खेळाच्या आतल्या खरेदीवर असते. आत काय आहे हे न सांगता विकलेली पेटी, जिला लूट बॉक्स म्हणतात, बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणली. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबतच्या २०२२ च्या तडजोडीत ५२ कोटी डॉलर मोजावे लागले. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते. बटणांची मांडणीच नकळत खरेदी व्हावी अशी आहे, आणि मुले पालकांच्या संमतीविना खरेदी करू शकतात, असा आयोगाचा आरोप होता. मोठी माणसे जिथे फसतात तिथे सहा वर्षांचे मूल सावध राहील कसे? एकदाच पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ सुरुवातीला महाग वाटतो, पण त्यात मुलाकडे कोणी पुन्हा पैसे मागत नाही. कार्डाचा तपशील कन्सोलवर साठवू नये. दुकानदाराने आधीच शेकडो खेळ भरून दिलेला स्वस्त कन्सोलही टाळावा. त्यात मुलासमोर काय काय उघडेल हे घेणाऱ्याला माहीत नसते.

दोघांनी मिळून खेळायचा खेळ पहिल्या खरेदीत एक तरी हवाच. सुपर मारिओ ओडिसीमध्ये दुसरा खेळाडू मारिओची टोपी चालवतो. बाबा टोपी आणि लेक मारिओ, असे दोघे एकाच वाटेने जातात. स्निपरक्लिप्समध्ये कागदाची दोन पात्रे एकमेकांना कातरून योग्य आकार देतात आणि कोडे सोडवतात. तिथे बोलल्याशिवाय काही होत नाही, आणि मुलाच्या भाषेला व संयमाला त्याचाच फायदा मिळतो. स्वयंपाकघराच्या धांदलीचा ओव्हरकुक्ड हाही जोडीचा खेळ, पण घड्याळाच्या धाकामुळे भावंडांत जुंपते. तो मोठे झाल्यावर द्यावा.

शरीराची काळजी खेळाच्या निवडीशी जोडलेलीच आहे. हातात धरून खेळायच्या छोट्या स्क्रीनपेक्षा हॉलमधल्या टीव्हीवर लांबून खेळणे डोळ्यांना बरे. निन्टेन्डो स्विच दोन्ही प्रकारे चालतो, त्याचा लहान भाऊ स्विच लाइट मात्र टीव्हीला जोडता येत नाही, हे घेण्याआधी ध्यानात घ्यावे. मायोपिया, म्हणजे लांबचे अंधूक दिसणे, टाळण्यासाठी रोज सुमारे दोन तास उघड्यावरचा उजेड मिळणे फार मोलाचे आहे. म्हणून मैदान आधी, कन्सोल नंतर. घाटात गाडी लागणाऱ्या मुलांना पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या वेगवान खेळांत मळमळू शकते. डोक्यावर चढवायचे व्हीआर यंत्र या वयासाठी नाहीच. मेटाने त्यासाठी दहा वर्षांची आणि सोनीने बारा वर्षांची अट घातली आहे. हेडफोनचा आवाज बेताचा असावा: लहानांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल, ही जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा आहे. स्विचच्या खेळाचे कार्ड इवलेसे असते. मुलांनी ते गिळू नये म्हणून त्यावर अतिशय कडू द्रव्याचा थर दिलेला असतो, तरी रांगते भावंड घरात असेल तर कार्डे उंचावर ठेवावीत. अंगठ्याचे दुखणेही खरे आहे. सलग पाच तास निन्टेन्डो खेळून अंगठा दुखावलेल्या एका महिलेची नोंद १९९० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती.

अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, धोका थोड्याच मुलांना असतो, पण तो माहीत हवा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या टीव्हीवरच्या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला आणि साडेसहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. घरात फिट्सचा इतिहास असेल, तर लखलखाटाचे खेळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि अंधाऱ्या खोलीत कोणताच खेळ खेळू देऊ नये. खेळताना फिट आली तर मुलाला कुशीवर वळवावे आणि जवळच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात. तोंडात चमचा घालू नये; कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा उपयोग होत नाही. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठावे. पहिलीच फिट असेल तर ती लवकर थांबली तरी त्याच दिवशी दाखवावे.

कन्सोल मुलाच्या हाती देण्याआधी मुलाचे वेगळे खाते उघडून त्यात वयाची मर्यादा, वेळ आणि खरेदीचा पिन घालावा. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच या तिन्हींवर ही सोय असते. झोपण्याआधीचा तास मोकळा ठेवावा आणि कन्सोल मुलाच्या खोलीत नसावा.

खेळात गुंगलेली मुले लघवी आणि शौच दाबून धरतात. दिवसा चड्डी ओली होणे किंवा नवी बद्धकोष्ठता ही तक्रार कन्सोल आल्यावर सुरू झाली, तर सुरुवातीलाच शौचालयात जाऊन येण्याचा आणि मध्ये विश्रांतीचा नियम पुरतो. त्याहून गंभीर चित्र वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदवला आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसूनही तो चालूच ठेवणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, अशी त्याची लक्षणे. एखाद्या संध्याकाळचा हट्ट म्हणजे विकार नव्हे. मात्र झोप घटली, अभ्यास मागे पडला, मैदानावरचे मित्र सुटले आणि खेळ काढून घेतल्यावर मूल मारायला धावते, असे काही आठवडे चालले तर वर्षभर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना दोन आठवड्यांची वही सोबत न्यावी: खेळाचे नाव, सुरू केल्याची आणि थांबल्याची वेळ, झोपेची वेळ, आणि बंद करताना काय घडले.