हलकं म्हणजे हलक्या प्रतीचं नव्हे

मराठीत 'हलका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वजनाला कमी आणि प्रतीला कमी. बास गिटारसाठी स्पीकरचं कॅबिनेट घेताना मी एकदा या अर्थाला घाबरलो, एकदा त्या अर्थाला भुललो. दोन्ही वेळा फसलो.

माझं पहिलं कॅबिनेट सेकंडहँड, पार्टिकल बोर्डाचं, जवळजवळ पस्तीस किलोचं. 'जड म्हणजे दमदार' असा माझा समज. मडगावजवळच्या एका लग्नात ते दुसऱ्या मजल्यावर चढवताना आमच्या ड्रमरच्या कमरेत उसण भरली. त्या रात्री आम्ही ड्रमशिवाय वाजवलं आणि मानधन अर्धंच मिळालं. मग मी चिडून दुसरं टोक गाठलं : आठ इंची स्पीकरची इवलीशी पेटी. पुढच्या कार्यक्रमात गिटारवाला मध्येच विचारतो, "अरे, तू वाजवतोयस ना?"

त्यानंतर थोडा अभ्यास केला. तो असा.

वजन येतं कुठून? मुख्यतः लोहचुंबक आणि लाकूड यांतून. फेराइट चुंबकाऐवजी निओडिमियम आणि पार्टिकल बोर्डाऐवजी चांगलं प्लायवुड वापरलं, की वजन बरंच उतरतं आणि आवाजाचं नुकसान होतंच असं नाही. फक्त किंमत वाढते.

पण पेटीचा आकार कमी केला, की गोष्ट बदलते. ध्वनिशास्त्रात हॉफमनचा नियम आहे : खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. तिला हवा ढकलायला जागा लागते. माझी चूक इथेच होती : मी हलकं नाही, लहान घेतलं होतं.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. समजा, एक कॅबिनेट 97 डेसिबलचं आहे आणि दुसरं 94 चं. दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतील. म्हणून नुसते वॉट मोजू नका.

तिसरा आकडा ओहमचा. 8 ओहमची दोन कॅबिनेट नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे समांतर जोडली, की 4 ओहम होतात. बहुतेक ॲम्पना ते चालतं. 4 ओहमची दोन जोडली तर 2 होतात, आणि बऱ्याच ॲम्पना ते झेपत नाही. ॲम्पच्या मागे किमान ओहम लिहिलेले असतात, ते आधी वाचा.

छोट्या कार्यक्रमासाठी माझं मत असं : 12 इंची एका स्पीकरचं, 8 ओहमचं, निओडिमियमवालं एक कॅबिनेट घ्या. हॉल मोठा मिळू लागला, की तसंच दुसरं घ्या. दोन हातांत दोन, तोल सांभाळला जातो. आणि शक्य असेल तर दुकानात एकट्याने वाजवून ठरवू नका. ड्रमसोबत वाजवून बघा, कारण खोलीत गोड वाटणारा खर्ज ड्रमसमोर हरवतो.

माझं आताचं कॅबिनेट चौदा किलोचं आहे. ड्रमर अजून त्याला हात लावत नाही, पण कार्यक्रमाला येतो. गिटारवाल्याने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.