मोबाइल कशाचा बनतो?

भातं कापून झाली, दिवाळी जवळ आली, की आपल्या पाड्यांवर तारपा वाजतो. तारपा कशाचा, हे लहान पोरही सांगेल. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि जोडाला मेण. दुधी कुणाच्या मांडवावरचा, तेही गावाला ठाऊक असतं.

आता तोच तारपा मंडळी मोबाइलवर ऐकतात. ऐकावा, आमची ना नाही. पण मोबाइल कशाचा, असं विचारलं की सगळे गप्प!

मोबाइलमध्ये बॅटरी असते. तिच्यात बहुधा कोबाल्ट नावाचा धातू असतो. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतं. तिथं मोठ्या कंपन्यांच्या खाणी आहेत. पण पुष्कळ गरीब माणसं हातानंच खणतात. विहिरीसारखे खोल खड्डे, आधाराला काही नाही. माती कोसळली की माणूस आत गाडला जातो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनं २०१६ साली तपास करून छापलं, की सात-सात वर्षांची मुलंसुद्धा हे काम करतात. शाळेत जायचं वय ते!

काँगो लांब राहिला. आपलं बोईसर घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधं, रंग, कापड, पोलाद बनतं. हजारो घरांची चूल त्यावर पेटते, हे खरंच आहे. पण कारखान्यांचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जातं. ते नीट शुद्ध होत नाही, मासे मरतात, अशी कोळी बांधवांची तक्रार. मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवाद म्हणजे एक प्रकारचं न्यायालय. त्यानं २०२२ साली शंभरावर कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. (२०२३ साली सरकारनं पापलेटला राज्याचा मासा केलं. मान मिळाला, आता जाळ्यातही मिळो.)

आणि वीज? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. पुढं ते वाढवताना पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. आपल्या घरातल्या दिव्यामागं कुणाचं तरी सोडलेलं घर आहे.

म्हणून मोबाइल घेऊ नये, असं आम्ही म्हणत नाही. पण चालतो आहे तोवर नवा कशाला? आधी दुरुस्त होतो का, ते विचारा. जुनी बॅटरी चुलीत टाकू नका, ती फुटते. वायरी जाळून तांबं काढू नका. तो धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे अशा भंगाराची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपनीवर आहे. तेव्हा दुकानदाराला विचारा, “जुना मोबाइल कुठं जमा करू?”